आमदारांचं दुकान

आप्पा,

शाळा मी सोडली नाही. तुम्ही आमदार झालात आणि मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात बसायला कोणी उरलं नाही, म्हणून सुटली. जगाला शिफारसपत्रं दिलीत, मला म्हणालात, "आधी पंप खोलायला शीक."

त्या रागात मी गिऱ्हाइकांना परत पाठवायचो, "आमदारांच्या दुकानात जळके पंप आणता? लाज वाटत नाही?" तुम्हाला वाटलं, विरोधकांनी धंदा बसवला. तो मी बसवला.

ताई फोनवर सांगते, निवडणूक हरल्यापासून तुम्ही रोज शटर उघडून बसता, पण लोक अजून बिचकतात, साहेबांना पंप कसा दाखवायचा म्हणून.

हे पत्र टाकायचं धाडस नाही. जळके पंप पुन्हा भरायला लागणाऱ्या तांब्याच्या तारेसाठी ताईच्या नावाने पाठवतोय, सहा हजार.

तुमचा,
धाकटा