यानराव काही करत नाहीत

३ फेब्रुवारी २००४
विवाह नोंदणीच्या कचेरीत नोटीस लावून आले. वधू डॉ. शैला शेटे, वय ३१, जनावरांची डॉक्टर, रा. कसबा बावडा. वर यान, वय ३५, रा. हॉलंड, धंदा गाईंची खुरं कापणं. असा धंदा असतो यावर कारकुनाचा विश्वास बसेना. आता महिनाभर नोटीस फळ्यावर, कुणाची हरकत असली तर नोंदवायची. हरकत नसलेला माणूस बावड्यात शोधावा लागेल.
दुपारी वडगावचा दवाखाना. एका नुकत्याच व्यायलेल्या म्हशीची वार अडकलेली. माझा हात कोपरापर्यंत आत, आणि मालक विचारतोय, "म्याडम, मग आता तुमी इमानानं जानार म्हना की." आधी म्हशीचं बघू म्हटलं.

८ फेब्रु.
आप्पांनी लग्नाला होकार दिला तो एकाच आशेवर, पोरगी परदेशी जाणार. गुळाच्या अडतीत बसून चार लोकांना सांगता येईल. आज जेवताना सांगून टाकलं. मी जात नाही, तो येतोय.
आप्पांचा घास हातातच राहिला. "घरजावई?"
"वरच्या मजल्याचं भाडं दीन की."
मल्लूकाका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ आणि आमच्या गल्लीचे स्वयंघोषित पुढारी, कपाळावर हात मारून, "आगं, लोकं तिकडं जायाला मरत्यात, आन तू त्येलाच हिकडं आनतीस?"
अव्वा, म्हणजे आई, सगळ्यांना आमटी वाढत राहिली.

९ फेब्रु.
रात्रभर डोकं तापलेलं. लिहून मोकळी होते.
त्याच्या देशात त्याची बायको म्हणून मला राहायला मिळेल. कामाची मुभाही मिळेल, पण जनावराला हात लावायची नाही. माझी पदवी तिथं जशीच्या तशी चालत नाही. त्यांची भाषा, त्यांच्या परीक्षा, पुन्हा कित्येक वर्षं. तोवर काचघरात टोमॅटोची खोकी भरायची. इथं उलटं. तो माझा नवरा म्हणून राहू शकतो, पण त्याच्या व्हिसावर नोकरीला बंदी.
म्हणजे दोघांपैकी एकानं हात बांधून बसायचं. आणि ती मीच, हे सगळ्यांनी न विचारता ठरवून टाकलंय. का म्हणून? फोनवर यानला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग मी बसतो." इतकं सरळ. फोन ठेवून रडले, आनंदानं.

१४ मार्च
झालं. सह्या, पेढे, हार. मल्लूकाकांनी हलगी आणलीच. यानला (यापुढं नुसता य., हात दुखतो) फेटा इतका घट्ट बांधला की भुवया वर गेल्या, दिवसभर नवल वाटल्यासारखा चेहरा. बायका मला विचारत होत्या, निघणार कधी.

२१ जून
य. हॉलंडला जाऊन बायकोच्या नावावरचा व्हिसा घेऊन आला. आज पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या टेबलावर नोंद केली. हवालदार जाड मिशांचे, बोलायला मोकळे. "राव्हा बिनघोर. फक्त काम करायचं न्हाय हं, पावणं."
य. मराठीत, "घरचा काम?"
हवालदार हसले. "घरचं कुटं काम असतंय व्हय?"
अव्वा सोबत होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं फक्त.

२ नोव्हेंबर
य.ची भाकरी आता फुगते. आधी आठवडाभर नुसत्या बिस्किटासारख्या. अव्वानं शिकवलं, भाषा दोघांत धड एकही नाही, तरी दिवसभर बोलणं चालू असतं. तिला गुडघ्याच्या शेकाला दवाखान्यात नेतो, येताना भाजी. मी वडगावहून दमून येते तर गरम जेवण तयार. असं जेवण मला आयुष्यात कुणी वाढलं नव्हतं, आईशिवाय. पुरुषांना रोज मिळत असतं की हे!

२० जून २००५
एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, बिनतक्रार.
आप्पा मात्र. अडतीत कुणी विचारलं, जावई काय करतो, की ठरलेलं उत्तर, "सुट्टीवर हाय." वर्षभर सुट्टी? माझ्यासमोर म्हणाले आज. मी तिथंच म्हटलं, "आप्पा, घर सांभाळतोय म्हना की." अडतीतून उठून गेले.

१७ ऑगस्ट
गल्लीच्या टोकाला पाटलांची म्हैस लंगडत होती. खूर वाढून वाकडं झालेलं. लांबून बघून य.ला कळलं काय करायला हवं, मलासुद्धा इतक्या लवकर नसतं कळलं. पाटील पैसे देतो म्हणाले. य.नं हात मागं घेतले. "परवानगी नाही." शेवटी तो नुसता शेजारी उभा राहिला, खूर मी कापलं. वाकडंतिकडंच झालं माझ्यानं. पाटलांनी तरी त्याच्यासाठी कोंबडा धाडला. लिंगायताच्या घरी कोंबडा! अव्वा देव्हाऱ्यापुढं जाऊन बसली, य. कोंबडा बगलेत मारून परत देऊन आला.
नंतर जिन्यात बसून म्हणाला, हात विसरायला लागलेत. त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. माझा निर्णय चुकला असं मला वाटत नाही. वाईट मात्र फार वाटतं.

११ जानेवारी २००६
एक कार्ड असतं म्हणे. बायको इथली नागरिक असली की परदेशी नवऱ्याला मिळू शकतं, मग कामही करता येतं. अर्ज टाकला. य.नं त्याच्या खुराच्या सुऱ्या ट्रंकेतून काढून तेल लावून ठेवल्या. दुपारभर शीळ घालत होता.

२३ एप्रिल
आज हसावं की काय करावं. चौकात डिजिटल, म्हणजे छापील फलक, लागलाय! घराएवढा. य.चा फोटो, डोळ्यांवर काळा चष्मा, कानाला मोबाइल. चष्मा त्याचा नाही, मोबाइल नाही, तो हातही त्याचा नाही, कुणाचा तरी काळासावळा चिकटवलाय. खाली: "डच दुग्धतज्ज्ञ मा. यानराव यांची तांत्रिक सल्लागारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक मल्लाप्पा शेटे व मित्रपरिवार."
कुठल्या दूधसंघाचे सल्लागार? कुणी निवडलं? काका म्हणाले, "कुटलं का आसंना. लोकांची तोंडं बंद झाली न्हवं?"
उतरवा म्हटलं. तर म्हणे, लगीनसराई हाय, चार दिस झळकू दे.

१९ जून
आज मुदतवाढीला गेलो. हवालदार मोकळे बोलले नाहीत. "म्याडम, मी रोज त्या चौकातनंच येतोय. सल्लागार म्हंजे पगार आला की."
चार दिवस म्हणून लावलेला, दोन महिने झाले! मी म्हटलं खोटं आहे ते. ते म्हणाले, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण डोळ्यांनी वाचलेलं मी झाकून ठेवू कसं? लेखी खुलासा द्या, ज्यानं लावला त्याचाही घ्या. अहवाल मुंबईच्या वरच्या कचेरीला जाईल. नोकरी केली असं ठरलं तर मुदतवाढ नाही, कार्डही नाही, य.नं देश सोडायचा. त्यांचं चुकलं नाही, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.
काका लिहून द्यायला तयार नाहीत. "मी खोटं बोल्लो म्हनून लिवून दिऊ? चौकात तोंड दावायचं न्हाय व्हय मी?" मी आवाज चढवला तेव्हा बोलून गेले, "तुझ्या आप्पानंच सांगटलंतं लावायला."
आप्पा समोरच होते. मान खाली. आजवर आप्पांचा इतका राग आला नव्हता, आणि इतकी दयाही.

२० जून
सकाळपासून एकेक जण. आता तूच जा त्याच्याबरोबर. बाईमाणसानं नवऱ्यामागं जावं. य.सुद्धा म्हणाला, मी एकटा जातो काही महिने, कमावून येतो, सगळं शांत होईल. त्याच्यावर ओरडले. काहीही चूक न करता तू पळून कशाला जायचं? तू भाकरी केलीस, धुणं धुतलंस, माझ्या आईला सांभाळलंस. हे काम नाही असं सगळा गाव म्हणतो ना? मग त्याच गावापुढं मांडू.
छपाईवाल्याकडं गेले. मजकूर वाचून, फोटो बघून तो म्हणाला, "म्याडम, आसलं कोन छापत न्हाय." छाप म्हटलं. "बरं, मोबाइल लावू काय कानाला? शोभतंय."
"नको. परात हाय तीच ऱ्हाऊ दे."

२३ जून
लागला. काकांच्या डिजिटलवरच, त्याच बांबूंना, त्यापेक्षा मोठा. य.चा खराखुरा फोटो, कोपरापर्यंत पीठ, समोर परात.
"जाहीर खुलासा. यानराव यांची कुठेही, कशावरही निवड झालेली नाही. ते नोकरी करत नाहीत, पगार घेत नाहीत. भाकरी, धुणी-भांडी, सासूबाईंचा दवाखाना एवढं बघतात. कमावते ती बायको. शुभेच्छुक बायको, डॉ. शैला शेटे."
काका दिवसभर घराबाहेर पडले नाहीत. बायका मात्र लांबून लांबून बघायला येतायत. दोघी तर नवऱ्याला धरून घेऊन आल्या.
य.ला विचारलं, लाज वाटते का? म्हणाला, भाकरी फोटोत नीट दिसत नाही.

२६ जून
खुलासा आणि बोर्डाचा फोटो दोन्ही दिलं. हवालदारांनी फोटो बराच वेळ पाहिला, मिशीतल्या मिशीत हसले, शेजारच्या टेबलावर दाखवून आले. "फायलीला जोडतो. म्होरं काय हुतंय मला ठावं न्हाय." मलाही नाही.
आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला वर येत नाहीत. य. त्यांचं ताट खाली नेऊन ठेवतो, रिकामं परत आणतो.

२ जुलै
मुंबईहून काही नाही. अर्ज पोचल्याची पावती आहे, उत्तर येईपर्यंत थांबा म्हणालेत. य.नं माळ्यावरची बॅग खाली काढून ठेवली होती. मी परत वर टाकली.
संध्याकाळी वडगावहून येताना चौकात बोर्डाखाली आप्पा उभे. सोबत निपाणीकडचे दोन गूळवाले. त्यातला एक मान वर करून वाचत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "शेटेआण्णा, मग जावई करतोय तरी काय?"
मी स्कूटर बंद केली. आता पुन्हा ते "सुट्टीवर हाय" ऐकायचं, म्हणून तोंड फिरवलं.
आप्पांनी टोपी काढून झटकली, परत घातली.
"भाकरी करतोय. तुमचा करतोय व्हय?"