कोच तुमचा, मालक माझा

तीर्थरूप बाबा,
इथूनच वाकतोय, पाय पुढे करा.

मी मजेत आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर होतं. इथला संघ सारखा जिंकतो आणि आमच्या लॉन्ड्रीतले सगळे शिट्ट्या मारत इस्त्री करतात. माझा नुसता जळफळाट होतो.

ताईने कळवलं, आपण पुन्हा चार गोलांनी हरलो. कोचला तुम्ही शिव्या घातल्यात, ते ठीकच. पण स्ट्रायकर विकणाऱ्या त्या मालकाला तुमच्या जावईबापूंनी घातल्या? तेही माझ्या खुर्चीत बसून? मी शाळेत असल्यापासून आपली वाटणी ठरलेली आहे, बाबा!

बीपीची गोळी घेता ना? आईचा गुडघा कसा आहे?

जावईबापूंना गोलकीपर द्या, हवं तर रेफरी द्या. मालक माझा. मी येईपर्यंत राहू दे त्याला शिव्यांवाचून.

तुमचाच अजूनही,
धाकटा