त्याने आधी बूट काढले

रविवार, १२ मे. उरायासु, जपान.

संध्याकाळी निखिल आणि सूनबाईबरोबर घरीच एक जपानी सिनेमा पाहिला. साधा कारकून, वर्षानुवर्षे अपमान गिळतो आणि एक दिवस साहेबाच्या घरात शिरून काठीने सगळं फोडतो. पण शिरताना दारात बूट काढून नीट जोडून ठेवतो! सूनबाई खो खो हसली. मला हसू येईना.

निखिल शांतपणे म्हणाला, “बरोबर केलं त्याने.” माझा निखिल? कधी आवाज न चढवणारा?

ते बूट डोक्यातून जाईनात. हाही ऑफिसातून येतो, चकार शब्द बोलत नाही, बूट तेवढे दाराकडे तोंड करून जोडून ठेवतो. आम्ही आपलं कौतुक करायचो.

जेवल्यावर मी म्हटलं, “चल, समुद्रापर्यंत जाऊन येऊ.” सूनबाईला मुद्दामच नेलं नाही.

“कोण छळतं रे ऑफिसात?”

म्हणाला, “साहेब सगळ्यांसमोर कागद फेकतो, आई. मी उचलतो. शिवाय वाकून माफी मागतो.”

“उद्या उचलू नकोस.”

“इथे असं चालत नाही गं.”

“न चालू दे. उचलू नकोस.”

हसला. किती दिवसांनी!

घरी आल्यावर बूट दारात कसेही भिरकावले त्याने. एरवी मी ओरडले असते. आज तसेच राहू दिले.