नीतिमत्ता खात्यात अडकलेलं कोकरू

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
वार मंगळवार (तारीख कोणत्या देशाची लिहावी, हा प्रश्न आमच्या घरात अजून सुटलेला नाही)

तीर्थरूप म्हणावं तर तुम्ही माझ्याहून एकाच पावसाळ्यानं थोरले, आणि मित्र म्हणावं तर तुमच्या वावराचा बांध मी कधी पायात वहाण ठेवून ओलांडला नाही. म्हणून या दोन्हीच्या मधला रामराम, रामकिसन अण्णा, मल्हारीकडून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? द्वारकावहिनींचा खोकला गेला का? इकडं माझी साखर ठीक, बीपी ठीक नाही, आणि छातीत जे धडधडतं ते डॉक्टरला सापडत नाही. (त्यानं मशीन लावून पाहिलं. मशीन म्हणालं, काही नाही. मशीनला पोरगा असता म्हणजे कळलं असतं.)

फोन करता आला असता. पण आमच्या घरात भिंतींना नुसते कान असते तर भागलं असतं, आता माईक आहेत. म्हणून कागदावर लिहून माझ्या बहिणीच्या धोंडिबाच्या हाती देतोय. मला मुद्द्यावर यायला तीन गावं फिरून यावं लागतं हे तुम्ही जाणता, तेव्हा मुद्दा आधीच टेकवतो. आमच्या रामेश्वरच्या कंपनीची हॉलंडच्या एका बड्या कंपनीशी सोयरीक जुळत आली होती, ती अडली आहे. माझ्यामुळं अडली, असं घरात कुणी म्हणत नाही. म्हणत नाही, हेच वाईट आहे.

तुम्हाला वाटत असेल, कंपनी म्हणजे भोंगा, चिमणी, गेटवर वॉचमन. तसं काही नाही. रामेश्वरची कंपनी काहीच बनवत नाही, ती सल्ला देते. पाण्याचा पाइप कुठून न्यावा, केवढा जाड असावा, घाण पाणी कुठं सोडावं, हे संगणकावर चितारून द्यायचं आणि लोकांनी त्याचे पैसे द्यायचे. मी चौथीतून उठून मेंढरांमागं गेलेला माणूस, मला हे समजायला वेळ लागला. आपल्या गावात पारावर बसून दुसऱ्याला सल्ला देणाऱ्याला आपण रिकामटेकडा म्हणायचो. इथं त्याला कन्सल्टंट म्हणतात आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालतात. शेवटी माझी मीच समजूत घातली की हे आपल्या मेंढरं बसवण्यासारखंच आहे. तुमच्या वावरात जाळी लावून आम्ही मेंढरं कोंडायचो, ती रात्रभर बसायची, लेंड्या टाकायची, रानाला खत व्हायचं, तुम्ही ज्वारी द्यायचा, आणि आम्ही पुढच्या गावाला. रामेश्वरची पोरंही परक्या देशात जाऊन बसतात, कागद टाकतात आणि उठून पुढच्या देशाला जातात. पीक आलं तर सल्ला चांगला, नाही आलं तर वावर वाईट. हे मी त्याच्या इंजिनियरांना जेवणाच्या सुट्टीत नीट समजावून सांगितलं. त्यातल्या दोघांनी पुढच्याच महिन्यात दुसरी नोकरी धरली.

कंपनी वाढली कशी, तेही ऐका. 'इंटरनॅशनल' हा शब्द पाटीवर आधी चढला आणि काम मागून आलं. (रंगारी म्हणाला होता, 'साहेब, पाटीत जागा उरली, काय टाकू?') मग वाळूजच्या एका कारखानदाराचा मेहुणा मस्कतला निघाला, त्याच्याकडून ओमानचं काम आलं. ओमानवाल्याचा कुणी नैरोबीत निघाला. सोयऱ्याधायऱ्यांतून चालतं ते सगळं गावठी, असं मी समजत होतो. ते परदेशात चाललं की त्याला नेटवर्क म्हणतात. प्रत्येक देशामागं आमच्या घरातली एक खोली गेली. ओमानला बैठक गेली, नैरोबीला पाहुण्यांची खोली. देवघर तेवढं गार असतं म्हणून तिथं सर्व्हर नावाचं कपाट बसवलं आणि त्याला उकडू नये म्हणून एसी लावला. खंडोबाच्या टाकाला पिढ्यान्‌पिढ्या कुणी पंखा लावला नव्हता, पण त्या कपाटाच्या पुण्याईनं देवही गारव्याला बसला. माझी खाट आता जिन्याखाली आहे. तिच्यावर भिंतीला पाच देशांची पाच घड्याळं आहेत. जेवायची हाक इथल्या वेळेनं येते, गोळी मी चुकून मस्कतच्या वेळेनं घेतो, आणि चक्कर येते ती सगळ्या देशांत एकदमच.

ज्या दिवशी मस्कतच्या एका अख्ख्या वस्तीला रात्रंदिवस पाणी कसं पुरवावं याचा आराखडा आमच्या घरातून गेला, त्या दिवशी आमची कारभारीण मंजुळाबाई हंडा घेऊन टँकरमागं पळत होती. मी रामेश्वरला म्हणालो, 'लेका, एखादा सल्ला आपल्या नळालाबी दे की.' तो संगणकातून डोकं वर न काढता म्हणाला, 'आबा, नळ आपला क्लायंट नाय.' असं आहे. इंटरनॅशनल माणसाला घरचा नळ दिसत नाही, कारण तो फार जवळ असतो.

तर हॉलंडची कंपनी. तिच्या नावात तीन आडनावं आहेत आणि एकही मला उच्चारता येत नाही. तिचं म्हणणं, रामेश्वरच्या कंपनीला आम्ही आमची भारतातली शाखा करून घेतो. त्याआधी त्यांचे हेंड्रिक साहेब घर बघायला, म्हणजे ऑफिस बघायला येणार होते. आठ दिवस आधीपासून तयारी. जिन्याला रंग, बाहेर कुंड्या, आणि आमच्या रत्नमाला सूनबाई (त्या कंपनीत माणसांचं खातं बघतात, म्हणजे सासू बघते तेच) माझ्यापुढं येऊन अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, 'मामा, त्या दिवशी तुमी ज्ञानेश्वरीताईकडं हर्सूलला जाऊन याल का?' आता हर्सूलला माझी लेक राहते हे खरं. पण या शहरात कुणाला हर्सूलला धाडलं म्हटलं की लोकांना आधी तिथला तुरुंगच आठवतो. मी म्हणालो, 'किती वर्षांची झाली मला?' त्या हसल्या नाहीत.

गेलो मी. पण मन लागेना. साता समुद्रांपलीकडून माणूस दारात येणार, आणि त्याला द्यायला यांनी काय आणलं होतं, तर एक पेन आणि एक डायरी! ज्या माणसाची स्वतःची कंपनी अर्ध्या जगाला कागद पुरवते त्याला डायरी! पाहुणा असा कोरडा गेला तर उद्या हॉलंडभर काय बोलतील, की पुंडलिकनगरला गेलो होतो, पाठीवर साधी शालसुद्धा पडली नाही? मी धोंडिबाला फोन लावला. तो गावाहून कळपातलं एक पांढरं कोकरू घेऊन टेम्पोनं आला, हर्सूलहून त्यानं मला उचललं, आणि आम्ही घरी पोचलो तेव्हा हेंड्रिक साहेब निघण्याच्या बेतात पायऱ्यांवर उभेच होते. मी त्यांच्या कपाळाला भंडारा लावला (थोडा जास्त लागला, सदरा पिवळा झाला), खांद्यावर घोंगडी टाकली, डोक्याला फेटा गुंडाळला आणि कोकरू हातात दिलं. साहेबाचा चेहरा असा फुलला की काय सांगू. म्हणाले, त्यांच्या आजोबांचीही मेंढरं होती. इतकं म्हणेपर्यंत कोकरानं त्यांची विजार ओली केली, तरी ते हसतच होते. सगळ्यांनी फोटो काढले. रामेश्वरही फोटोत हसतोय. नीट बघितलं तर दात दिसतात, हसू दिसत नाही. कोकराला हॉटेलात घेईनात म्हणून ते आमच्या गच्चीवर राहिलं, आणि साहेब घोंगडी घेऊन विमानात बसले.

इथवर काय चुकलं, सांगा. काहीच नाही. पण हेंड्रिक साहेब प्रामाणिक निघाले. त्यांच्या कंपनीत असा नियम आहे की कामाच्या बोलणीत कुणी काही दिलं तर वर कळवायचं. त्यांनी कळवलं: घोंगडी एक, फेटा एक, मेंढीचं पिल्लू जिवंत एक. (इतका प्रामाणिकपणा आपल्याकडं आहेराच्या वेळी कुणी केला तर एकही सोयरीक टिकायची नाही.) मग हॉलंडहून निरोप आला की हा लाच देण्याचा प्रकार दिसतो, चौकशी होईपर्यंत बोलणी बंद. त्या कंपनीत नीतिमत्तेचं वेगळं खातं आहे. आपल्याकडं सगळ्यांना थोडी थोडी वाटून दिलेली असते. त्यांनी एका खोलीत कुलूप लावून ठेवलीय आणि एका बाईंना किल्ली दिलीय.

त्या बाई गेल्या आठवड्यात पडद्यावर आल्या. माझ्याच खाटेच्या जुन्या जागी मला गुबगुबीत खुर्चीत बसवलं, शेजारी रत्नमाला भाषांतराला, आणि रामेश्वर कॅमेऱ्यात दिसणार नाही असा कोपऱ्यात उभा. बाईंनी विचारलं, कोकरू देण्याचं कुणी सांगितलं? मी म्हणालो, 'कुणी नाय. पोराला तर पत्त्याच नव्हता, त्यानं मला हर्सूलला धाडलं हुतं.' कोपऱ्यात रामेश्वरचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. इथं बाईंनी थांबायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, ते देताना परत काही मिळेल अशी अपेक्षा होती का?

आता अण्णा, तुम्हीच सांगा. मी सरळ म्हणालो, 'मंग? कोकरू काय फुकट देतंय का कुणी?'

रत्नमालानं भाषांतर केलं नाही. हळूच म्हणाली, 'मामा, नाय म्हणा.' मी म्हणालो, 'खोटं कसं बोलू? बाई नीतिमत्तेच्या हायेत.' पण पडद्यावरच्या बाईंनी त्यांच्याकडं एक मराठी जाणणारा माणूस आधीच बसवला होता. (पुण्याचाच असणार.) बाईंनी विचारलं, नेमकं काय मिळायला हवं होतं? मी समजावलं की आहेर म्हणजे जाणं-येणं. आज आम्ही केला, उद्या आम्ही त्यांच्या दारात गेलो की त्यांनी करायचा; अगदी नाही जमलं तर टॉवेल-टोपी तरी. बाईंनी लिहून घेतलं. मग विचारलं, टोपी कुणासाठी? मी म्हणालो, 'माझ्यासाठी. पोरगं टोपी घालीत नाय.' शेवटी त्यांनी विचारलं, असं तुमच्याकडं नेहमी चालतं का? मला वाटलं, आता घराण्याची अब्रू राखायची हीच वेळ. छाती काढून म्हणालो, 'पिढ्यान्‌पिढ्या!'

त्यावर त्यांनी ओमानचं आणि नैरोबीचं कामही तपासायला घेतलं.

तेव्हापासून रामेश्वर माझ्याशी बोलत नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात माणूस समोर तरी असतो. तो येतो, 'आबा, गोळी घेतली का' एवढं विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. पोरं, म्हणजे त्याचे इंजिनियर, जिन्यानं जाताना मला दबकून नमस्कार करतात, जसा आजारी माणसाला करतात. त्यातली निम्मी आपल्यासारख्याच वाड्या-वस्त्यांवरची आहेत. गावाकडं सांगून बसलीत की आम्ही आता हॉलंडच्या कंपनीत. मंजुळाबाई म्हणते, 'आवं, तुमी गप बसला असता तर काय वाकडं झालं असतं?' चाळीस वर्षं संसार केला, तिला अजून वाटतं की मला गप बसता येतं.

बाकी मला काय? सोयरीक मोडली तर मोडली. माझी खाट जिन्याखालून बैठकीत येईल, घड्याळं उतरतील, देवाचा एसी जाईल आणि घर पुन्हा घर होईल. असलं इंटरनॅशनल होण्यापेक्षा आपलं पुंडलिकनगर बरं. वहिनींना नमस्कार, तुमच्या अपेक्षा सूनबाईंना आशीर्वाद, कृष्णाच्या पोरांना पापा, आणि तुमच्या गुडघ्याला उभं राहण्याचं बळ येवो.

तुमच्या बांधावरचा,
मल्हारी

ता. क. काल दुपारी मी उगाच वर गेलो होतो. दार जरा उघडं होतं. रामेश्वर एकटाच बसला होता आणि समोर हॉलंडला पसंतीसाठी पाठवायच्या, शाखेच्या नव्या पाटीचं चित्र होतं, रंगवून तयार. त्यानं मला पाहून ते झाकलं नाही, नुसतं पालथं घातलं. तेव्हा वर लिहिलेलं 'मला काय' एवढं खोडलेलं समजावं.

ता. क. दुसरा. नीतिमत्तेच्या बाई आता एक साक्षीदार मागतात: आमच्या नात्यातला नको, जातीतला नको, पण आमचा रिवाज जाणणारा हवा. मी तुमचं नाव दिलंय. विचारायला वेळ नव्हता. गुरुवारी दुपारी अपेक्षा सूनबाईंच्या फोनवर त्या येतील. तुम्ही एवढंच सांगायचं की धनगराच्या दारात पाहुणा आला की कोकरू हातात द्यायची रीतच आहे, कामाशी त्याचा संबंध नाही. तुमचं ते ऐकतील. तुम्ही सातबारावाले.

ता. क. तिसरा. 'तुम्हाला किती कोकरं मिळाली?' असं बाईंनी विचारलं तर मात्र घोटाळा आहे. इतकी वर्षं मेंढरं तुमच्या रानात बसली, आणि एकही दिलं नाही हे खरं. तेव्हा त्या प्रश्नाच्या वेळी तुम्हाला खोकला यावा. वहिनींचा घ्यावा. आणि मेंढरं बसवल्यावर तुम्ही ज्वारी देत होता हे तर चुकूनही बोलू नका. बाई त्याची वेगळी चौकशी लावतील.

ता. क. शेवटचा. गच्चीवरचं ते पांढरं कोकरू आता चांगलं अंगानं भरलंय. धोंडिबा ते तुमच्याकडं घेऊन येईल, पण शुक्रवारी. गुरुवारी बाईंनी विचारलं की मल्हारीनं तुम्हाला काही दिलं का, तर 'नाही' हे तुम्हाला अगदी खरं खरं सांगता आलं पाहिजे.