आईच्या आंब्याचा पार

नाते, ता. ४-९-१९५८

ती. मुरारीमामांस,
चंद्रभागेचा शि. सा. न. वि. वि.
आम्ही खुशाल आहोत, आईचा आंबा मात्र नाही. तुम्ही तिला दिलेले कलम पिवळे पडते आहे. पानांवर मोरचूद-चुन्याचे पाणी दोनदा मारले, गुण नाही. शेजारचे दत्तारामकाका म्हणतात की रोग हाय गो, बाकीच्या आंब्यांना लागंल, तोडून मोकळे व्हा. आप्पांनी नवरात्राआधी तोडायचे ठरवले आहे. आईची एवढीच खूण उरली आहे. काय करू?
उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
चंद्रभागा

दापोली, ता. ११-९-१९५८

चि. चंद्रभागेस अ. उ. आ.
आमच्या घरातली पहिली शिकलेली पोर तू, आणि झाड न बघताच औषध मारतेस! पानांचा रोग ठिपक्यांनी दिसतो, वाऱ्यापावसाने पसरतो. ठिपके नसतील तर पानांना शिव्या देऊ नकोस, खाली बघ. बुंध्याशी पाणी साचते का? तिथे काही नवे केलेत का? तोवर कुऱ्हाड लावू नका, असे दाजींना माझ्या नावाने सांग.
माया आहेच, वेगळी काय लिहू!
मुरारीमामा

नाते, ता. १७-९-१९५८

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.
ठिपके नाहीत. बुंधा तर दिसतच नाही. आईच्या वर्षश्राद्धानंतर आप्पांनी तिच्या नावाने झाडाभोवती पार बांधला, स्वतः दगड वाहून. आत माती भरली, त्यात कलमाचा जोडही बुजला. काल मी थोडी उकरली. साल काळी, मऊ, आंबूस वासाची. पारानेच झाड मरते आहे का? मग हे आप्पांना कोणत्या तोंडाने सांगू?
तुमच्या आधारावर असलेली,
चंद्रभागा

दापोली, ता. २३-९-१९५८

चि. चंद्रभागेस अ. उ. आ.
होय, पारानेच. वडाला पार सोसतो, कलमाला नाही. ओल्या मातीत बुरशी साल खाते. बुंधा मोकळा करा, कुजके खरवडा, मोरचूद-चुन्याचा लेप द्या. साल चहूबाजूंनी मेली असेल तर मात्र उपाय नाही. मीच आलो असतो, पण वाटेत कशेडी घाटात दरड आली आहे. टपाल तेवढे माणसे डोक्यावरून पलीकडे नेतात. तूच सांग. राग आला तर माझ्यावर ढकल.
काळजीत असलेला,
मुरारीमामा

नाते, ता. ३०-९-१९५८

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.
सांगितले. आप्पा उठले. पहार आणली, मला बाजूला हो म्हणाले आणि एकट्यानेच दगड काढले. मी नखाने साल खरवडत फिरले. काळी, काळीच. उत्तरेला वीतभर हिरवी निघाली. आप्पांनी तिच्यावर तळवा ठेवला आणि विचारले की एवढ्यावर जगंल काय गो. मी म्हटले, जगेल, मामांनी तसे लिहिले आहे.
तसे तुम्ही लिहिलेले नाही. आप्पांना वाचता येत नाही म्हणून मला ते धाडस झाले. आता तुमचे पत्र आले की ते मला सगळ्यांसमोर वाचायला लावतील, आणि मी असेल तेच वाचीन. म्हणून खरे तेच लिहा. पण जगणार असेल, तर ते पहिल्याच ओळीत लिहा.
तुमची,
चंद्रभागा