विणकामाच्या सुयांवरचे कबाब

आई,

काल घरी कबाब केले. बाल्कनीत विजेची शेगडी ठेवली आहे, धूर जवळजवळ होतच नाही, त्यामुळे सोसायटीतलं कुणी काही बोलत नाही. ऑफिसमधली मुलं जेवायला आली होती. त्यांतला एक जण शाकाहारी, म्हणून मी भाज्यांच्या सळया वेगळ्या ठेवल्या, चिमटा वेगळा, तेल लावायचा ब्रशही वेगळा. एका मुलीने विचारलं, मॅम, इतकं कशाला, ग्रिल तर एकच आहे ना. आमच्या घरची पद्धत आहे, असं मी म्हटलं. तिने मान हलवली आणि विषय संपला. मी मात्र कांदा चिरायच्या निमित्ताने आत येऊन ओट्याशी बराच वेळ उभी राहिले. 'आमचं घर' म्हणायची सवय गेलेली नाही, आणि ते घर आता भलत्याच कुणाचं आहे. आज रविवार. भांडी घासून पालथी घातली आहेत, फोन वाजत नाही. म्हणून लिहायला बसले.

लग्न होऊन मी कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा तुम्ही मला फारसं काही विचारलं नाहीत. मुलगी वर्ध्याची, मटण खाणाऱ्या घरातली, आपल्या मुलाच्याच टीममध्ये कॉम्प्युटरवर काहीतरी करते, एवढं तुम्हाला माहीत होतं आणि तेवढं पुरे आहे असा तुमचा चेहरा होता. नारायण पेठेतली भाड्याची जागा सोडून तुम्ही नुकत्याच तिथे आला होतात. शाळेत मुलींना शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झालेल्या, सासरे मी यायच्या आधीच गेलेले. मी तुम्हाला घाबरायचे. तुम्ही रागवायच्या म्हणून नव्हे, रागवायच्या नाहीत म्हणून. पहिल्याच हिवाळ्यात एकदा ऑफिसहून येताना मी तंदुरी चिकनचं पार्सल आणलं होतं, आम्ही दोघं खोलीत दार लावून खाऊ असं तुमचा मुलगा म्हणाला होता. तुम्ही हॉलमध्ये विणत बसला होतात. पिशवीकडे पाहिलंत, मग सुईवरच्या टाक्यांकडे पाहत म्हणालात, "तुम्हाला खायचं ते खुशाल खा. मला या वासाची सवय नाही, आणि या वयात करून घ्यायचीही नाही." ते पार्सल आम्ही खाली नेऊन स्कूटरवर बसून खाल्लं. त्याला त्यात गंमत वाटत होती. मला नाही.

मग तो अमेरिकेला गेला. त्या दिवसांत आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरातून कुणी ना कुणी जात होतं, त्यामुळे कुणाला त्याचं नवल नव्हतं. सहा महिन्यांसाठी गेला, ते वाढत गेले. माझं जायचं ठरायचं आणि पुढे ढकललं जायचं, कधी माझं प्रोजेक्ट, कधी त्याचं घर बदलणं. एका सकाळी त्याने फोनवर मला सांगितलं की तिथे कुणीतरी आहे, बरेच दिवस आहे, आणि आता परत येण्यात अर्थ नाही. रडला तोही. शेवटी म्हणाला, आईला तूच सांग, मला ते जमणार नाही.

तुम्ही मेथी निवडत होतात. मी समोर बसून सांगितलं. तुमचा हात थांबला नाही. पानं एकीकडे, देठ एकीकडे, अख्खी जुडी होईपर्यंत तुम्ही निवडत राहिलात आणि मी भिंतीकडे पाहत राहिले. मग मी म्हटलं की मी सामान भरते, वर्ध्याला जाते थोडे दिवस. "नोकरी इथे आहे ना तुझी?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हटलं. "मग वर्ध्याला जाऊन काय करणार?" एवढंच. मी म्हटलं, खोली शोधते मग. तुम्ही मेथीचे देठ कागदात गुंडाळून टाकून आलात आणि कुकर लावलात, दोघींचा. नंतर मी एकदोनदा सदाशिव पेठेत खोल्या पाहून आले, तुम्हाला सांगितलंही. तुम्ही दर वेळी जिना किती अंधारा आहे आणि पाणी किती वेळ येतं ते विचारायच्या आणि नको म्हणायच्या. कागदपत्रं आली, सह्या झाल्या, कोर्टाची तारीख झाली. मी राहिलेच.

माझं खाणं सुटलं होतं. डबा तसाच परत यायचा. ड्रेस ढगळ झाले. वर्ध्याची आई फोनवर रडायची आणि परत ये म्हणायची. तुम्ही फक्त परत आलेला डबा उघडून पाहायच्या. मग एका रविवारी दुपारी मी पडले होते तेव्हा तुम्ही दाराशी येऊन उभ्या राहिलात. पेठेतल्या घरातली लोखंडी शेगडी माळ्यावरून काढून, घासून, तुम्ही स्वतः गच्चीवर नेऊन ठेवली होती. इतक्या पायऱ्या, गुडघे तसले. म्हणालात, "तुमच्याकडचं ते काय असतं ते घेऊन ये आणि वर चल."

मी विचारलं, काय?

"मांस गं. मला नाव घ्यायला लाज वाटत नाही, तुला का वाटते?"

तुमच्या अटी होत्या. खिमा घरातून न्यायचा नाही, कालवायचा तोही वरच, टाकीजवळ. त्याची परात, वाट्या, सळया जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात बादलीत राहतील, खाली येणार नाहीत. आणि तुमच्या भाज्या तुमच्याच सुयांवर. मी पाहतच राहिले. ढोबळी मिरची, कांदा, अर्धवट उकडलेले बटाटे, पनीर, सगळं तुम्ही चक्क्यात आलं-लसूण-तिखट घालून मुरवून आणलं होतं, अर्थात चिमूटभर साखरही होती, आणि ते ओवायला विणकामाच्या स्टीलच्या सुया घेतल्या होत्या. मी म्हटलं, अहो आई, सुया खराब होतील. तुम्ही म्हणालात, आता कुणासाठी विणायचंय. हे तुम्ही सहज म्हणालात, पण मला ठाऊक होतं की तुमच्या पिशवीत अर्धवट विणलेला एक मोठा पुरुषी स्वेटर होता, थंड देशात घालता येईल असा जाड.

त्या पहिल्या दिवशी माझा खिमा सळईवरून सुटून निखाऱ्यात पडला. चरबी पेटली, धूर झाला. तुम्ही पलीकडे तोंड करून बसला होतात. मागे वळून न पाहता म्हणालात, "पीठ सैल झालं की थालीपीठही तुटतं. डाळं कुटून घाल." मी खाली जाऊन डाळं कुटून आणलं. पुढचे टिकले. उन्हं उतरली होती, टेकडीकडून गार वारा येत होता. मी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. तोंड भाजत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुराचं आहे असं मी म्हणू शकत होते आणि तुम्ही ते मानून घेत होतात. शेगडी एकच, अर्धी तुमची, अर्धी माझी. मधे तुम्ही एक वीट आडवी ठेवली होती.

असे कितीतरी हिवाळे गेले. आपण वर फारसं बोलायचो नाही. तुम्ही पंख्याने निखारे फुलवायच्या, मी सळया फिरवायचे. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसायचे. दाराआडून तुमचा आवाज ऐकू यायचा, आणि तो वेगळाच आवाज असायचा, मऊ, जरा उंच. थंडी आहे का, कोट घालतोस का, काय जेवलास. माझा विषय त्यात कधी आला नाही. दुपारी मग तुम्ही नेहमीसारख्या कोरड्या होऊन मिरच्या चिरायला घ्यायच्या. तुम्ही त्याच्यावर रागवावं असं मला फार वाटायचं. एकदाही रागवला नाहीत. निदान माझ्यासमोर नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. वरच्या मजल्यावरून तक्रार होती, गच्चीवर मांस भाजतात अशी. मी स्वयंपाकघरात होते. ते हळू आवाजात तुम्हाला म्हणाले की वहिनी, तुमचं आम्ही समजू शकतो, पण या मुलीचा आता तुमच्याशी संबंध तरी काय राहिला, तुम्ही तिला किती दिवस ठेवून घेणार. माझ्या हातातलं भांडं मी तसंच धरून ठेवलं, वाजू नये म्हणून. तुम्ही त्यांना चहा विचारला नाहीत. म्हणालात, "मी तिला ठेवून घेतलेलं नाही. मी तिच्यासोबत राहते. तक्रार असेल तर तिला सांगा, ती संध्याकाळी वर असते." ते संध्याकाळी आले नाहीत. मी त्या दिवशी कबाब केले नाहीत, तुमच्याबरोबर नुसत्या भाज्या खाल्ल्या, आणि तुम्ही विचारलंत, आज उपास आहे का?

तुमची उजवी बाजू गेली तेव्हा हिवाळा संपत आला होता. हॉस्पिटलमध्ये मी फॉर्मवर नातं काय लिहायचं यापाशी अडले, तिथल्या मुलीने माझ्याकडे पाहून स्वतःच 'मुलगी' लिहिलं. मी त्याला फोन केला. त्याने लगेच तिकीट काढलं. तो पोचेपर्यंत मी होते. तो आला तेव्हा तुम्ही नव्हतात. सगळं त्याने केलं, नीट केलं, माझ्याशीही चांगलाच वागला. फ्लॅट विकावा लागेल, पण घाई नाही, हवा तेवढा वेळ घे, म्हणाला. गच्चीवरून उतरताना त्याने विचारलं, आईने ती शेगडी वर कशाला नेली होती? मी म्हटलं, वांगी भाजायला. मला ते त्याला द्यायचं नव्हतं. तेवढं एकच माझं होतं.

शेवटी आई काही बोलली का, हेही त्याने विचारलं. तुला हाक मारत होत्या, असं मी सांगितलं. तो तिथेच पायरीवर बसला आणि रडला, आणि मला पहिल्यांदाच त्याची कीव आली. पण त्यापुढचं मी त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

दुपार होती. पडद्यातून ऊन तुमच्या पायांवर आलं होतं. शब्द तुमच्या तोंडातून अर्धेच येत होते. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे पाहिलंत, निदान माझ्या दिशेने, आणि त्या रविवार सकाळच्या मऊ आवाजात म्हणालात, "बाळा, आलास का रे?"

मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. मी तुमचा चालणारा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आलो, आई."

"जेवलास?"

"जेवलो."

तुम्ही डोळे मिटलेत. पुन्हा काही बोलला नाहीत. तुम्हाला आवाज ओळखू आला होता का, हे मला आजही कळलेलं नाही, आणि कळावं असंही वाटत नाही.

जेवले नव्हते, आई. सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं.