कॉड बाळंतपणाच्या रजेवर

प्रिय बाबा,

परवा मंदारचा फोन आला. "ताई, फेब्रुवारी सुरू झाला. बाबांची बोर्ड लावायचा का, तू सांग." त्याचं मराठी तुम्ही असताना होतं तिथेच आहे. बोर्ड 'तो' की 'ती' हे त्याचं अजून ठरलेलं नाही. पण आवाज गंभीर होता, म्हणून शनिवारी पहाटेची गाडी धरून आले. साउथहॅम्प्टनहून आपल्या या उत्तरेकडच्या बंदरात यायचं म्हणजे तीन गाड्या बदलायच्या, आणि त्यातली एक हमखास रद्द होते. तशी ती झालीच.

आज रविवार, दुकान बंद आहे. तुमच्या काउंटरवर बसून लिहिते आहे. आई वर पडली आहे. तुम्हाला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल आणि तुम्हाला एक उत्तर द्यायचं राहिलं आहे. हॉस्पिटलात तुम्ही तुमच्या त्या बोटवाल्या कॉलिनबद्दल जे सांगितलंत ना, त्याचं. आधी बोर्डाचं सांगते.

बोर्ड व्हिनेगरच्या कॅनमागे सापडला. तुमची ती निळी, वाकडीतिकडी अक्षरं: 'कॉड ऑन मॅटर्निटी लीव्ह.' खाली पोट फुगलेला मासा आणि त्याच्या कपाळावर आईने लावलेलं कुंकू. मी आईला विचारलं, लावायचा का? तर म्हणाली, "लाव की! ते गेले म्हणून मासे बाळंत व्हायचे थांबलेत का?"

काय माणूस होतात हो तुम्ही! वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वाढलात, जहाजावर भांडारी म्हणून जगभर रांधत फिरलात आणि शेवटी इंग्लंडच्या समुद्राकाठी फिश अँड चिप्सचं दुकान काढलंत. इथवर ठीक आहे. पण पावसाळ्यात तिकडे होड्या वर ओढतात, नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी मासे मारत नाही, म्हणून तुम्ही इथे ऑगस्टात कॉड बंद ठेवायचात! ऑगस्टात! ट्रिपला आलेली माणसं दारात रांग लावून उभी, आणि तुम्ही त्यांना सांगताय की माशांच्या पोटात पोरं आहेत. आई डोक्याला हात लावून बसायची.

त्यातून आपला बहुतेक कॉड यायचा बर्फात गोठून, कुठल्याकुठल्या समुद्रातून. त्याला कसलं आलंय बाळंतपण? मी हे विचारलं की तुम्ही म्हणायचात, "नियम म्हणजे नियम. गप रव."

मी युनिव्हर्सिटीतून पहिल्या सुट्टीला आले ते मोठा शोध लावल्यासारखी. तुम्ही पीठ भिजवत होतात. मी म्हटलं, "बाबा, इथला कॉड अंडी टाकतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. ऑगस्टात तो नुसता खात-पीत फिरत असतो. इतकी वर्षं तुम्ही चुकीच्या महिन्यात दुकान बुडवलंत." दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत. मग एकदम म्हणालात, "आदी सांगूक काय झाला होता तुका?" जणू मी शाळेत असल्यापासून हे लपवून ठेवलं होतं!

आणि पुढच्या फेब्रुवारीत हा बोर्ड लागला. ऑगस्ट सोडलात आणि फेब्रुवारी-मार्च धरलात. पण ईस्टर लवकर आला की गुड फ्रायडे नेमका तुमच्या रजेत सापडायचा. त्या दिवशी अख्खा देश मासे खातो आणि आपल्याकडे कॉड नाही! आई म्हणायची, हे म्हणजे दिवाळीत मिठाईवाल्याने पेढे बंद ठेवण्यासारखं आहे. तुम्ही शांतपणे बटाटेवडे तळत बसायचात. गिऱ्हाइकं शिव्या घालायची आणि खायचीही.

सगळ्यात जास्त कुरकुर करायचा तो कॉलिन. तुमचा दोस्त, ज्याने तुमच्या 'वसंत'चा 'व्हिन्स' करून टाकला. बंदरात कॉड आणणाऱ्या ज्या मोजक्या लहान बोटी उरल्या होत्या, त्यातली एक त्याची. दर शुक्रवारी मागच्या दाराने पेटी आणून आपटायचा आणि ओरडायचा, "व्हिन्स, हा आजचा!" तुम्ही त्या पेटीत हात घालून कल्ले उघडून बघायचात, तेव्हा तुमचा चेहरा वेगळाच व्हायचा. रजेच्या काळात मात्र त्याला चक्क परत पाठवायचात. तो ते मासे दुसरीकडे विकायचा, संध्याकाळी येऊन बटाटावडा खायचा आणि म्हणायचा, "हा मासा नाही, व्हिन्स."

रजा संपली की नारळ. सुपरमार्केटातला, महागडा, निम्म्या वेळा आतून नासका. त्याला कुंकू लावून तुम्ही कॉलिनच्या बोटीतून बंदराच्या तोंडाबाहेर जायचात. काय चाललंय ते कॉलिनला कधी कळलं नाही, पण तुम्ही नारळ सोडताना तो टोपी काढायचा. मी एकदाच आले होते आणि थंडीने दात वाजत होते, एवढंच मला आठवतं.

आता हॉस्पिटलचं. नर्स बाहेर गेली आणि तुम्ही माझा हात धरलात. "कॉलिनचा बघ गो. त्याची बोट रवाक व्हयी." कॉलिनची बोट टिकायला हवी, एवढंच. मी मान हलवली. दुसरं काय करणार? असं काही जाताना मागतात का, बाबा? तुम्हाला माहीत होतं मी काय काम करते. पुढच्या वर्षी किती कॉड धरला तर चालेल, हा सल्ला देणाऱ्यांत मी बसते. आणि पुढचे आकडे वाईट येणार हेही मी तुम्हाला नाताळातच सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवला होतात.

ते काम काही जादूटोणा नाही. दरवर्षी त्याच त्याच ठिकाणी जाळं ओढायचं, काय आलं ते मोजायचं. बंदरात उतरलेल्या कॉडची लांबी घ्यायची. डोक्यातलं इवलंसं हाड काढून त्यावरची वलयं मोजायची, की वय कळतं. मग हिशेब मांडायचा: अंडी टाकणाऱ्या माद्या किती उरल्यात, इतके धरले तर पुढच्या वर्षी किती उरतील. आपल्याहूनही उत्तरेला बरं आहे. आपल्या बाजूचा कॉड मात्र उरलेलाच नाही, असं म्हणण्याची वेळ आली आहे. पिल्लं जन्मतात ती मोठी होत नाहीत. पाणी तापतंय, आणि जी वाचतात ती जाळ्यात येतात.

तुमच्यासाठी मी त्या हिशेबात फट शोधली, हे सांगते. दोन आठवडे शोधली. कुठे काही थोडं उदार धरता येईल का, एखादं वर्ष बाजूला ठेवता येईल का. नाही सापडली. सापडली असती तर मी काय केलं असतं, याचा विचार मी करत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून आपल्या बाजूच्या कॉडसाठी सल्ला दिला: शून्य.

शून्य म्हणजे नुसता कॉड बंद असं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. जाळ्याला कॉड कुठला आणि त्याच्यासोबत फिरणारा हॅडक मासा कुठला हे कळत नाही. हॅडक धरायला गेलं की कॉड येतोच. म्हणून कॉड थांबवायचा तर हॅडकही जवळपास थांबतो, आणि मग कॉलिनने बोट कशासाठी बाहेर काढायची?

आपल्या बंदरात हे सांगायला मी स्वतः जाते म्हटलं. इतरांना वाटलं, बरं झालं, गावची मुलगी आहे, नीट होईल. कसलं नीट! चर्चचा हॉल, चहाचा मोठा बंब, ताटलीत बिस्किटं आणि समोर लहानपणापासून मला फुकट चिप्स खाताना पाहिलेली माणसं. मी शून्य म्हटलं. मग मागून एकाने विचारलं, "समज, थांबलो आम्ही. कॉड परत कधी येणार, ते सांग." मी म्हटलं, माहीत नाही. थांबलात तर शक्यता आहे, न थांबलात तर नाही, एवढंच सांगू शकते. तो म्हणाला, "एवढं शिकून हे?" आणि दोघंचौघं हसले.

तेव्हा कॉलिन उठला. मला वाटलं, माझी बाजू घेणार. वेडीच मी!

तो म्हणाला, "हिच्या बापाने आधी चुकीच्या महिन्यात कॉड बंद ठेवला, मग बरोबर महिन्यात. दोन्ही वेळा स्वतःचं दुकान बंद ठेवलं. तुझं काय बंद होतंय, मेधा?"

बाबा, मी कागद गोळा केले, आभार मानले आणि बाहेर आले. मंदारच्या गाडीत बसून रडले. रागही आला. कॉलिनचा, आणि तुमचा जास्त. तुम्ही हा उद्योग केला नसतात तर त्याला बोलायला हे सुचलं तरी असतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेले. तो बोटीत काहीतरी खरवडत होता. वर बघेना. मी म्हटलं, "तुझं बरोबर आहे. माझं काहीच बंद होत नाही. माझा पगार चालूच राहतो." तो खरवडतच म्हणाला, "मग हे काल तिथे का नाही बोललीस?" झालं. पुढे काही बोलणं झालं नाही. महिनोन्महिने नाही.

डिसेंबरात वरच्या लोकांच्या, म्हणजे सरकारांच्या, वाटाघाटी झाल्या. मर्यादा शून्य नाही ठेवली, पण खूप खाली आणली. मला ती जास्त वाटते, कॉलिनच्या वाट्याला आली ती कशालाच पुरत नाही. म्हणजे आम्ही दोघंही नाराज. खेकडे धर, असं सगळे त्याला सांगतात. या वयात नवं सामान, नवी विद्या, त्याला नको आहे. जानेवारीत त्याने बोट विकायला काढली. मंदारने मला फोटो पाठवला, केबिनच्या काचेवर चिकटवलेल्या कागदाचा.

तर हे तुमचं उत्तर. तुम्ही एकच मागितलंत आणि ते मला जमलं नाही. दोन्ही जमण्यासारखं नव्हतं, बाबा. तो आकडा मी बदलला असता तर कॉलिनला आणखी दोन हंगाम मिळाले असते आणि मग कॉडही गेला असता आणि बोटही. हे मला पटलेलं आहे. तरी तो फोटो मी फोनमधून पुसलेला नाही.

काल दुपारी बोर्ड दारात लावला. मंदार म्हणाला, "ताई, या वर्षी तरी सोडू या ना. बाबा नाही आता." मी म्हटलं, दुकान दोघांच्या नावावर आहे, माझ्या अर्ध्या वाट्याचा तोटा माझा. तेवढं तरी माझं बंद होऊ दे. तो बटाटे उकडायला गेला. वडे मी तळले. पहिला घाणा जळला, आईने बाजूला सारून दुसरा स्वतः काढला.

संध्याकाळी कॉलिन आला. दाराबाहेर उभं राहून बोर्ड वाचत होता, जणू आधी कधी पाहिलाच नाही. आत आला, माझ्याकडे न बघता आईला म्हणाला, "व्हिन्सचं ते बटाट्याचं काहीतरी दे." उभ्याउभ्या खाल्लं. मीठ कमी आहे म्हणाला, आणि होतंच कमी. मग हात पुसून माझ्याकडे बघितलं.

"हा मासा नाही," म्हणाला.

"नाही," मी म्हटलं.

"नारळ कधी?"

आईने उत्तर दिलं, मार्च संपला की. तो म्हणाला, "बोट अजून गेलेली नाही. लवकर ठरवा." आणि गेला.

बाबा, त्याने मला माफ केलं असं मी धरून चाललेली नाही. तो तुमच्यासाठी विचारत होता, माझ्यासाठी नाही.

मी तुम्हाला शब्द देते. बोर्ड दरवर्षी लागेल, गुड फ्रायडे मध्ये आला तरी. पुढच्या सल्ल्याचा आकडा जो निघेल तोच मी सांगेन, कोणासाठी वाढवणार नाही, अगदी तुमच्यासाठीही नाही. तो सांगायला याच हॉलमध्ये मीच येईन. आणि आकडा सांगण्याआधी, बंब उकळायच्या आत, उभी राहून सगळ्यांना सांगेन की माझा पगार चालू राहणार आहे आणि त्यांच्या बोटी नाहीत. मग काय हसायचं ते हसू देत.

नारळ आणला आहे. कानाशी हलवून, पाणी वाजतंय ना ते बघून. यंदा तो कॉलिनच्या बोटीतून सोडेन. पुढच्या वर्षी बोट नसेल; तेव्हा नारळ धक्क्यावरून सोडेन आणि त्याला माझ्या शेजारी उभं राहायला बोलावीन. आला तर टोपी काढेलच.

तुमचं चेडू,
मेधा